पदराचे दोन कोपरे

साडी उंदरानं कुरतडली असती तर दीपिकानं उंदराला चार शिव्या घालून मन मोकळं केलं असतं. पण हा कोपरा कात्रीनं कापलेला होता. आंबा रंगाच्या पदराचा वीतभर लांब आणि चार बोटं रुंद तुकडा, रेघ मारल्यासारखा सरळ, साडीतून नाहीसा झाला होता. उद्या अकरा वाजता लेकीचा, सलोनीचा साखरपुडा. साडी पाठवलेली होणाऱ्या सासूनं, धामापूरच्या शर्मिलाताईंनी, स्वतः तीन दुकानं फिरून. आणि आज दुपारचे अडीच वाजत आले होते.

कुणी कापला हे विचारायची दीपिकाला गरज नव्हती. आरोलकरांच्या घरात येऊन तिला सव्वीस वर्षं झाली होती. या घरात नवा कपडा आला की आधी त्याची वाडी काढायची. पितरांच्या जेवणात पहिली वाडी जशी बाजूला काढून ठेवतात, तशी ही बाहुल्यांची वाडी. सलोनी पाच वर्षांची असताना तिच्या आजोबांनी, बाबलीनं, फणसाच्या फळ्यांचं बाहुलीघर केलं होतं. बाबली लाँचवरचा सुतार. त्यानं त्या घराला कठड्याचा जिना केला, खिडक्यांना कड्या केल्या आणि घरातल्या प्रत्येक माणसाची पांगाऱ्याच्या लाकडाची तळहाताएवढी बाहुली कोरली. कपड्यांचं काम आपसूक त्याच्या धाकट्या भावाकडे, गुरुदासकडे गेलं. गुरुदास वेंगुर्ल्याच्या बाजारात चाळीस वर्षं शिंपी होता, आणि लग्न न केल्यामुळे, बाबलीच्या बायकोच्या, यशोदावहिनीच्या, म्हणण्याप्रमाणे, त्याला संध्याकाळी दुसरा उद्योग नव्हता.

तेव्हापासून बाबलीच्या मुलाच्या, अजयच्या, शर्टाच्या आतल्या पट्टीतून, दीपिकाच्या ड्रेसच्या हेममधून, सलोनीच्या शाळेच्या फ्रॉकमधून बोटभर तुकडे निघत आले. बाबली जाऊन तीन वर्षं झाली, तरी त्याची बाहुली निळ्या चौकड्यांचा हाफ शर्ट घालून लाकडी ओसरीवर बसलेली असते. शर्टाला बटणं म्हणून मोहरीचे दाणे आहेत.

पण साडीची वाडी ब्लाउजपीसमधून काढायची, पदराला हात लावायचा नाही, हा नियम खुद्द गुरुदासनंच घातलेला. सलोनीनं ब्लाउज तयारच आणला होता, त्यामुळे हिरवा ब्लाउजपीस अजून साडीलाच होता. साडी गुरुदासकडे फॉल लावायला दिली होती. फॉल भिजवून मागच्या दोरीवर वाळत पडला होता आणि साडीचा मात्र हा असा वाटा काढला गेला होता.

दीपिकानं नवऱ्याला आत बोलावून पदर दाखवला. आवाज चढवला नाही, कारण बाहेर सलोनी होती. शर्मिलाताईंना काय तोंड दाखवायचं, एवढंच तिनं विचारलं. अजयनं कोपरा उलटसुलट करून पाहिला, मग डोक्याला हात लावला, आणि काय ते विचारून येतो म्हणून साडी घेऊन पडवीकडे गेला.

जाताना तो रागावलेला होता, पण पडवीत पोचेपर्यंत त्यातला निम्मा राग वाटेत सांडला. या काकानं त्याच्या शाळेच्या चड्ड्या शिवल्या होत्या. पहिल्या नोकरीच्या मुलाखतीची पँट शिवली होती. अशा माणसावर ओरडायचं म्हणजे आधी आपण चड्डीत उभे आहोत असं वाटायला लागतं.

गुरुदास मशीनपाशी बसला होता. डाव्या तळहातावर सलोनीची बाहुली, नव्या साडीत. बाहुलीला साडी नेसवणं सोपं नसतं. कापड ताठ राहतं, घागऱ्यासारखं फुलतं. म्हणून गुरुदास निऱ्या पेजेच्या पाण्यात भिजवी, दोऱ्यानं बांधी, दोन दिवस इस्त्रीखाली दाबून ठेवी आणि मग सोडी. तशा त्यानं या सोडल्या होत्या आणि त्या माणसाच्या निऱ्यांसारख्या सरळ खाली उतरल्या होत्या. अजयची चाहूल लागताच त्यानं हात वर केला.

"बघ रे अजया. हिरवो रंग आमच्या सलोनीक कसो शोभता तो."

अजयनं बघितलं. बाहुलीची साडी पिकल्या आंब्यासारखी पिवळी होती, आणि तिच्या काठाला काकानं हिरव्या दोऱ्यानं इतकी बारीक टीप घातली होती की बघत राहावं. काकाला चष्म्यानं नीट दिसत नाही, हे सगळ्यांना माहीत होतं. दोन वर्षं तो काकाला म्हणत होता, इथं दोघांनीच कशाला, डोंबिवलीला आमच्याकडे चला, मशीन काढून टाका. पण काका रंगसुद्धा बोटांनी बघतोय, हे त्याला माहीत नव्हतं. हातातलं साडीचं टोक त्यानं मशीनवर पसरलं, तेव्हा त्यावर खडूची रेघ दिसली, आडवी, या काठापासून त्या काठापर्यंत. गुरुदास सांगत होता, की वाडी निघाली, आता हा ब्लाउजपीस वेगळा करतो आणि फॉलला बसतो. तासाभराचा उशीर झाला असता तर सबंध पदर गेला असता.

एवढ्यात यशोदा चहा घेऊन आली. तिनं दिराचं तोंड बघितलं, मुलाचं तोंड बघितलं, खडूची रेघ आणि कापलेला कोपरा बघितला आणि कप खाली ठेवायच्या आधीच म्हणाली, "कोपरो मियां कापलंय. माजा चुकला."

यशोदेचा हा जुना दोष आहे. खोटं बोलते ते माणसांना वाचवायला, पण वेळेच्या आधी बोलते.

"कसलो कोपरो, वयनी?" गुरुदासनं विचारलं.

त्यानं बाहुली खाली ठेवली, साडीचं टोक जवळ ओढलं आणि दोन्ही हातांनी चाचपलं, मग दुसरं टोक शोधून तेही चाचपलं. बाहुलीची साडी चिमटीत धरून पुन्हा पहिल्या टोकाला लावून बघितली.

"रंग खंयचो आसा, अजया? खरा सांग."

"आंब्याचो, काका."

चूक कुठं झाली ते त्यानं स्वतःच सांगितलं, एखाद्या पोराला शिवण शिकवावी तसं, हळूहळू. पदर म्हटला की जरीनं जड, ब्लाउजपीस साधा आणि हलका. इतकी वर्षं हाताला हेच ठाऊक. ही नव्या फॅशनची साडी, हिचा पदर झिरझिरीत आणि सगळं भरतकाम ब्लाउजपीसवर. हातानं जे सांगितलं ते त्यानं ऐकलं. डोळ्यांना विचारायची सोय राहिली नव्हती.

मग तो म्हणाला, "मशीन न्हे. कोणाक व्हया आसात तर देवन टाक."

हे वाक्य दीपिकानं दारातून ऐकलं. ती भांडायला आली होती, तशी तयारीही केली होती. पण तिचं लक्ष मशीनवरच्या सुयांच्या उशीकडे गेलं. उशीत वीस-बावीस सुया ओळीनं खोचलेल्या होत्या आणि प्रत्येक सुईत दोरा ओवलेला होता. पहिली ओळ तांबडी, दुसरी हिरवी, मग पिवळी, निळी, शेवटी काळी-पांढरी. सासूबाईंचा हात नकळत त्या उशीवर गेला आणि दीपिकाला सगळं समजलं.

"आई, किती दिवस?" तिनं विचारलं.

यशोदेनं वर्षभर म्हणून सांगितलं. सकाळी गुरुदास समुद्रावर पाय मोकळे करायला जायचा, तेवढ्यात ती सुया ओवून ठेवायची. तो आल्यावर बसायचा आणि पहिल्या ओळीची सुई उचलायचा. दोघांत त्यावर एक अक्षर बोलणं झालं नव्हतं. तिनं सांगितलं नाही, त्यानं विचारलं नाही. दीपिकाला आधी संताप आला. एवढी मोठी गोष्ट लपवायची, आणि तीही आपल्यापासून? आणि मग तिला आठवलं ते नेमकं नको तेव्हा आठवलं. सलोनी सहा वर्षांची असताना दीपिका डोंबिवलीत दोन महिने आजारी होती. मे महिन्यात सगळे इकडे आले तेव्हा तिनं बाहुलीघरात डोकावून बघितलं, तर तिची बाहुली खाटेवर निजवलेली, अंगावर नखाएवढ्या चौकोनांची गोधडी, आणि उशाशी यशोदेची बाहुली बसवून ठेवलेली. कुणी तिला काही सांगितलं नव्हतं. तेव्हापासून तिला गुरुदासवर धड चिडता येत नसे, आणि त्याचाच तिला राग यायचा.

सलोनी सगळ्यांत शेवटी आली. पदर बघून ती रडली नाही. तिनं स्टूल ओढलं, गुरुआजोच्या गुडघ्याला गुडघा लावून बसली आणि मोतीबिंदूच असेल, आजकाल अर्ध्या तासाचं काम आहे, कुडाळला करून देतात, असं समजावत राहिली. गुरुदास ऐकत होता. मग त्यानं तिचा हात धरला.

"दादा निसतो तपासूक म्हणान गेलो, गो. परत इलो नाय. मरणाक मी भियत नाय. पट्टी काढल्यार काळोखच आसलो तर? आता निदान बोटांक काम आसा. ता पण जायत."

सलोनीचे आजोबा खरोखरच छातीत दुखतंय म्हणून तपासायला गेले होते आणि संध्याकाळी घरी आला तो त्यांचा देहच. गुरुआजोची भीती खोटी आहे असं तिला म्हणता येईना. तिला फक्त त्याचा हात सोडवेना.

चहा निवला. शेवटी गुरुदासच बोलला, आणि बोलला ते शिंपी म्हणून.

"दुसरो कोपरो पण कापूक व्हयो."

अजय म्हणाला, काका, पुरे झालं. पण गुरुदासचा आवाज आता वेगळा होता, दुकानात गिऱ्हाइकाशी बोलायचा तो. एका कोपऱ्याला ठिगळ लावलं तर ते ठिगळ दिसतं. दोन्ही कोपरे सारखे कापून तिथं ब्लाउजपीसचं हिरवं भरतकाम बसवलं तर ते साडीचंच वाटतं. हिरवं कापड आहे, दोरा आहे, उजेड आहे सहापर्यंत. फक्त कात्री त्याच्या हातात द्यायची नाही. त्यानं कात्री उचलली आणि मूठ पुढं करून दीपिकाकडे धरली.

"मी?" दीपिका म्हणाली. "काका, मी बँकेत कागदसुद्धा सरळ कापत नाही."

"तूच. तुजे डोळे, माजो हात."

दीपिकानं आयुष्यात बरीच धाडसं केली होती, पण लेकीच्या सासरहून आलेल्या साडीच्या पदराला, धड असलेल्या कोपऱ्याला, साखरपुड्याच्या आदल्या दिवशी कात्री लावणं त्यांत नव्हतं. तिनं सासूकडे बघितलं. यशोदेनं मान हलवली. अजय कापला जाणारा आपणच असल्यासारखा भिंतीकडे बघत होता. गुरुदासनं डाव्या हाताची तर्जनी कापडावर टेकवली आणि ती तिच्या कात्रीच्या पुढं पुढं सरकत राहिली. कापड आडवं ओढलं जातंय, सैल सोड. थांब. आता चल. तुकडा सुटून टेबलावर पडला तेव्हा तिनं श्वास सोडला आणि, सव्वीस वर्षांत पहिल्यांदाच, सगळ्यांसमोर काकाच्या खांद्यावर डोकं टेकलं.

मग सहापर्यंत पडवीत बाजार भरल्यासारखं झालं. हिरवे तुकडे सलोनीनं कापले, गुरुदासनं हातशिलाईनं बसवले. यशोदा सुया ओवत होती, आता उघडपणे, आणि दीपिका रंग सांगत होती. अजयला फॉल इस्त्री करायला बसवलं होतं. टाके इतके बारीक पडत होते की दीपिकानं दोनदा चष्मा पुसून बघितलं. कापलेला दुसरा तुकडा गुरुदासनं घडी करून खिशात ठेवला.

रात्री जेवताना एकच वाद झाला. यशोदेचं म्हणणं, शर्मिलाताईंना काही सांगायची गरज नाही, साडी छान दिसतेय. अजय तिच्या बाजूला. दीपिका म्हणाली, ज्यांच्याशी जन्माचं नातं जोडायचं त्यांच्याशी पहिल्याच दिवशी लबाडी नको. सलोनी आईच्या बाजूला गेली. हे त्या घरात इतकं क्वचित घडतं की अजयनं सोलकढीचा पेला खाली ठेवला. गुरुदासनं भात अर्धाच खाल्ला.

दुसऱ्या दिवशी साखरपुडा वेळेवर झाला. अंगठ्या घातल्या, पेढे फिरले, भटजी दक्षिणा घेऊन पुढच्या कामाला गेले. शर्मिलाताई सुनेजवळ आल्या आणि पदर सारखा करता करता त्यांचा हात थांबला. ठरवलेलं सगळं सलोनी विसरली.

"ह्ये हिरवे कोपरे मी साडी घेतलंय तेवा नव्हते," शर्मिलाताई म्हणाल्या.

यशोदेनं तोंड उघडलं. दीपिकानं तिचा दंड धरला. आणि खुर्च्यांच्या मागच्या ओळीतून गुरुदास उठला. पांढरा शर्ट, स्वतःच शिवलेला, गळ्यापर्यंत बटणं लावलेली. पाहुण्यांतून वाट काढताना त्याचा पाय एका खुर्चीला अडखळला. कौस्तुभनं, नवऱ्यामुलानं, त्याचा हात धरला.

"शर्मिलाताई, पयलो कोपरो मियां कापलंय. चुकान. माका दिसत नाय. वर्स झाला, घरात कोणाक सांगूक नाय."

वेंगुर्ल्यातले निम्मे लोक त्या पडवीत होते. निम्म्यांच्या अंगावर त्याच्याच हातचे कपडे होते. त्यांच्यासमोर त्यानं हे सांगितलं. सलोनीला रडू आवरेना.

"आणि दुसरो कोणी कापलो?" शर्मिलाताईंनी विचारलं.

"आमच्या सुनेन. तिका दिसता."

कुणीतरी हसलं, मग बरेच हसले. शर्मिलाताई हसल्या नाहीत. त्यांनी काय प्रकार आहे ते विचारलं, आणि सलोनीनं त्यांना हाताला धरून बाहुलीघरापाशी नेलं. त्या खाली बसल्या, चांगल्या मांडी घालून. आंब्याच्या रंगाच्या साडीतली सलोनी त्यांनी बघितली. ओसरीवरचा बाबली बघितला, त्याच्या शर्टाची मोहरीची बटणं बघितली. वाडीची गोष्ट ऐकली. मग त्यांना जिन्याखाली रुमालात गुंडाळलेलं काहीतरी दिसलं. त्यांनी रुमाल उघडला. आत एक पुरुष बाहुली होती, नाक-डोळे नीट कोरलेली, अंगावर काही नसलेली.

"ह्यो कोण? ह्याका कपडे नाय ते?"

गुरुदासनं सांगितलं, की तो बाबलीनं जायच्या आदल्या महिन्यात कोरून ठेवला होता, होणाऱ्या जावयासाठी. जावई कोण हे तेव्हा देवालाही ठाऊक नव्हतं. जावयाचा कपडा त्याच्याच घरच्या कापडाचा हवा, म्हणून तो तीन वर्षं रुमालात आहे. खिशातून त्यानं पिवळी घडी काढली. उपरण्याचं कापड झालं होतं, तुमच्याच साडीचं. सदऱ्याचं तेवढं बाकी होतं.

शर्मिलाताईंनी मुलाला जवळ बोलावलं, त्याच्या नव्या रेशमी कुर्त्याचं खालचं हेम उलटं करून धरलं आणि गुरुदासला सांगितलं, काढा वाडी.

कात्री यशोदेनं आणून दिली. गुरुदासनं ती हातात घेतली, हेम बोटांनी चाचपलं. सगळे बघत होते. मग त्यानं कात्री मिटली आणि खाली ठेवली.

"आज नको. ह्या मी बघून शिवतलंय. डोळे करून येतंय आधी."

डोंबिवलीचं नाव अजयनं त्या दिवशी काढलं नाही, पुढंही काढलं नाही.

शर्मिलाताई गुडघ्यावर हात टेकून उठल्या. "लगीन माघात आसा," आपल्या मुलाच्या उघड्या बाहुलीकडे बोट करत त्या म्हणाल्या. "त्याच्याआदी शिवा. उघड्या झिलाक मी मांडवात धाडूचंय नाय."

कुर्ता तिथंच ठेवून कौस्तुभ अजयच्या शर्टात धामापूरला गेला. शर्ट त्याला पोटावर सैल होत होता आणि हातात आखूड.

सोमवारी सकाळी सात वाजता कुडाळला जायला गाडी दारात उभी राहिली. गुरुदासनं पिशवीत टॉवेल घातला, कागद घातले. मग आत वळून मशीनपाशी गेला आणि उशी पिशवीत घालायला उचलली. सवयीनं त्याची बोटं ओळींवरून फिरली. तांबडी, हिरवी, पिवळी. सगळ्या ओवलेल्या. काळ्या ओळीच्या शेवटी मात्र बोट थांबलं. एक सुई रिकामी होती.

यशोदा दारात उभी होती. वर्षभरात ती एकही सुई चुकली नव्हती.

"वयनी, ही एक ओवूची ऱ्हवली."

"ऱ्हवली नाय," यशोदा म्हणाली. "ती तुमची. तुमी येवन ओवा."

अजयनं बाहेरून हाक मारली. गुरुदासनं ती सुई पुन्हा चाचपली, तिच्या जागी खोचली, आणि उशी पिशवीत न घालता वहिनीच्या हातात दिली.

"मगे ही हयच ऱ्हवांदे," तो म्हणाला. "इलंय की ओवतंय."